अर्धं बूच

निवडीच्या रविवारी आमच्या घरात कांदा चिरत नाहीत. तळण नाही, अत्तर नाही, पावडर नाही, वासाचा साबण तर स्वप्नातसुद्धा नाही. नुसत्या पाण्यानं आंघोळ करायची, उकडलेला बटाटा खायचा आणि बरोबर दहा वाजता तळघरात उतरायचं. आजोबांनी हा नियम केला तेव्हा बाबा आणि काका एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले असते तरी पिपाच्या तोंडाला पोचले नसते. काकू लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अत्तर लावून आली, तर तिला अंगणात उभं करून झरोक्यातून मत द्यायला लावलं होतं. सोळा वर्षं झाली. काकू ते विसरलेली नाही आणि आम्हालाही विसरू देत नाही.

चार पिपं. चारही पिपांत आमच्याच मळ्यातल्या शार्दोने द्राक्षांची वाइन, खडखडीत कोरडी, साखरेचा कण नसलेली. पण चार भावंडं एका घरात वाढून चार तऱ्हांची निघतात तशी ही पिपं निघतात. म्हणून वाइन करणाऱ्यानं आधी एकेका पिपाची ओळख करून द्यायची: हिला वास कसला, जिभेवर कशी बसते, पुढे कशी होईल. मग सगळ्यांत चांगलं पीप कोणतं, यावर बाकीच्यांनी मत द्यायचं. मत म्हणजे बूच. ज्याचं त्याचं बूच वाडग्यात टाकायचं. वाइन करणाऱ्याला मत नाही, आणि अठराच्या आतल्यांना तर नाहीच. आम्ही फक्त हुंगायचं. 'नाक आत्ता, जीभ अठरानंतर' असं आजोबांनी तळघराच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय. ते पुसट झालं की आई गिरवते. आणि मतं सारखी पडली, तर चारही पिपांचा माल व्हिनेगरवाल्याला. तसं आजवर एकदाही झालेलं नव्हतं, तरी व्हिनेगरवाला दर वर्षी निवडीच्या दुसऱ्या दिवशी रिकामे कॅन घेऊन फाटकाशी उभा असतो. माणूस आशावादी आहे.

वाइन करणारी म्हणजे आत्या. सत्तावीस वर्षं तीच करतेय. तळघराची किल्ली तिच्या गळ्यात असते आणि झोपेतसुद्धा ती काढत नाही.

यंदा मात्र बुचांपुढे वेगळाच प्रश्न होता. गुरुवारी जेवताना काकानं तो वाढून ठेवला.

"ताई, मी स्पष्ट बोलतो. लोकांना गोड हवी."

"मग लोकांना सरबत दे."

"तू दुकानात उभी राहत नाहीस. मी राहतो. दाट द्राक्षरसाचे डबे मिळतात. भरायच्या आधी थोडा मिसळायचा, बस्स."

"माझ्या वाइनमध्ये?"

"आपल्या वाइनमध्ये."

आईनं वरणाचं भांडं उगीचच इकडून तिकडे सरकवलं. बाबांनी 'रविवारी मला बाटल्या आणायला जायचंय' असं जाहीर केलं. बाबांना दर वर्षी नेमकं निवडीच्या रविवारीच कुठेतरी जायचं असतं. आत्यानं गळ्यातली किल्ली काढली आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.

"मत घे. गोड ठरली तर ही तुझी. मग तळघरही तूच बघ. मी त्यात पाऊल टाकणार नाही."

आणि जेवण झाल्यावर किल्ली पुन्हा गळ्यात घालून ती भांडी घासायला गेली.

आता ते सांगते, जे त्या रविवारपर्यंत फक्त दोघींना माहीत होतं.

द्राक्षं उतरायच्या आधी आत्याला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना तिचा वास घेऊन गेला. हे मला कळलं दुधामुळे. मी शाळेतून आले तर फाटकापासूनच करपल्याचा वास. आत धावले. गॅसवर पातेल्यात कोळसा झालेला, स्वयंपाकघरात धूर, आणि हातभर अंतरावर, धुराकडे पाठ करून, आत्या पेपरमधलं कोडं सोडवत बसलेली.

"आत्या, दूध!"

"काय झालं दुधाला?"

तिनं वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, "कोणाला सांगितलंस तर बघ." आणि थोड्या वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात, "तुझं नाक कसं आहे गं?"

माझं नाक. शाळेत माझं नाव नाकाडी. फोटोत मी कधी बाजूनं उभी राहत नसे. पाहुणे 'नाक आजोबांवर गेलंय' म्हणायचे, आणि ते कौतुक नसायचं. त्या दिवसापासून ते नाक कामाला लागलं. शाळा सुटली की दप्तर फेकायचं आणि पिपांवर चढायचं. आत्या जिभेनं बघायची, मी नाकानं. भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी लिहून ठेवायचे. पीप एक: नवीन वही, पिवळं सफरचंद. पीप दोन: लोणी लावलेला गरम पाव. पीप तीन: लिंबाची साल, ओली पाटी. पीप चार: काडेपेटीतली काडी ओढल्यावरचा पहिला क्षण.

चारचौघांत बोलता यायचं नाही, म्हणून खुणा ठरल्या. डावी वेणी पुढे म्हणजे छान. उजवी पुढे म्हणजे बिघडतंय. दोन्ही पुढे म्हणजे थांब, तोंड उघडू नकोस. अकरा महिने माझ्या दोन वेण्यांवर आमचं तळघर चाललं आणि कोणालाही पत्ता लागला नाही.

निवडीच्या रविवारी तर काळजीच नव्हती. ग्लास दर वर्षी क्रमानं येतात, एक ते चार. आत्यानं माझी वही पाठ केली होती, कवितेसारखी. खुणांचं काम संपलं, असं मला वाटलं.

म्हणून शनिवारी मी केस कापले.

मानेच्याही वर. मैत्रिणीच्या बहिणीनं कापले. खुर्चीवरून उठले तेव्हा आरशात एक मुलगी होती, तिला मान होती, जबडा होता आणि नाक होतं, आणि ते नाक तिथे अगदी हवंच असं दिसत होतं. मी घरी रुमाल बांधून गेले. रविवारी पायऱ्यांवर सगळ्यांसमोर रुमाल काढायचा, असं ठरवलं होतं.

तर दहा वाजले.

तळघरात लांब टेबल, त्याच्या मधोमध दोन वाडगे, आणि टोकाला काकूच्या दवाखान्यातलं थुंकायचं भांडं, स्टँडसकट. काकू दातांची डॉक्टर आहे. आधी सगळे बादलीत थुंकायचे. ते तिला बघवेना, म्हणून तिनं हे आणून ठेवलं. आजोबा खुर्चीत, मांडीवर छाटणीचा चाकू. आई त्यांच्या शेजारी, नखांत मळ्यातली माती. आणि काका उभा, चेहरा उजळलेला.

"यंदा जरा वेगळं करू," तो म्हणाला. "ग्लास मी आधीच भरून वर ठेवलेत. क्रम बदललाय. कुठल्या ग्लासात कुठलं पीप, ते ग्लासाच्या बुडाशी चिकटवलंय. ताईनं न बघता सांगायचं. निवड आहे ना? मग होऊ दे खरी निवड."

"तुला माझ्यावर संशय आहे?" आत्यानं विचारलं.

"छे! मजा म्हणून."

काकाला संशय होताच. कशाचा, हे त्यालाही धड सांगता येत नव्हतं. त्यानं नंतर कबूल केलं: महिन्याभरापूर्वी त्यानं मोजे तळघरात वाळत घातले होते, आणि आत्या दोन दिवस काही बोलली नाही. ती आत्या, जिनं एकदा पाहुण्यांच्या ओल्या छत्र्या वास येतो म्हणून गेटबाहेर ठेवायला लावल्या होत्या.

आत्या मात्र शांत होती. हेही तिनंच नंतर सांगितलं: तिला वाटलं, असू दे. पोरगी आहे, वेण्या आहेत, निभेल.

"नाकाडे, ट्रे आण!" काकानं हाक मारली. ट्रे आणायचा मान घरातल्या सगळ्यांत लहान माणसाचा.

मी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभी राहिले. एका हातात ट्रे. दुसऱ्या हातानं रुमाल ओढला. डोकं हलवलं.

"अगं बाई!" आई म्हणाली.

"वा!" काकू म्हणाली.

आजोबा म्हणाले, "हा कोण मुलगा?"

आणि आत्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. वरपासून खालपर्यंत, पिपाची तोटी सोडल्यासारखा.

"ताई, इतके काही वाईट नाही दिसत," काकूनं तिची समजूत घातली. "वाढतील."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात काय दिसलं म्हणाल तर माझा मूर्खपणा. पण ट्रे हातात होता आणि पाय पायऱ्या उतरत होते. उतरता उतरता मी हुंगलं. पहिला ग्लास: लिंबाची साल, ओली पाटी. तीन नंबरचं पीप. दुसरा: नवीन वही. एक नंबर. तिसरा...

तिसऱ्यातून लवंग. नुसती लवंग नाही, दवाखान्यातली लवंग. दात ठणकतो तेव्हा कापसाच्या बोळ्यावर लावतात ते तेल. त्याच्या खाली कुठेतरी, घुसमटलेली, ओढलेली काडी.

सकाळी संचातला एक ग्लास फुटला होता. काकूनं गुपचूप दवाखान्यातून सुटा ग्लास आणला. तो तीनदा धुतला, असं ती आजही शपथेवर सांगते. पण त्या ग्लासात ती वर्षभर लवंगेच्या तेलाची बाटली उभी करून ठेवायची. अत्तरासाठी सोळा वर्षं टोमणे खाल्लेली बाई ती. तिला सकाळपासून एकच भीती होती: कोणाला कळलं, तर पुन्हा अंगण.

मी ट्रे ठेवला. आत्यानं पहिला ग्लास उचलला, नाकाशी नेला (किती सुंदर नेला!), घोट घेतला, तोंडात फिरवला, भांड्यात थुंकली.

"ही तिसरी. सगळ्यांत आंबट. जिभेच्या दोन्ही कडा पकडते." मग वही सुरू झाली. "लिंबाची साल. पावसात राहिलेली पाटी."

काकानं ग्लास उचलून बुडाशी पाहिलं. ग्लास खाली ठेवून त्यानं पुढचा सरकवला. म्हणजे बरोबर.

दुसरा. "ही पहिली. गोल आहे, टोचत नाही. पिवळं सफरचंद. नवीन वहीचं पान."

पुन्हा बरोबर. काका थोडा खचला. आई माझ्याकडे बघून हसली, कारण मी श्वास धरून लाल झाले होते.

आत्यानं तिसरा उचलला. ग्लास हलला तसा लवंगेचा वास उठला आणि टेबलाच्या चारी बाजूंना पोचला. आईच्या भुवया वर गेल्या. आजोबांनी जीभ दाढेवर फिरवली. काकूनं डोळे मिटले.

माझे दोन्ही हात खांद्यांवर गेले. दोन्ही वेण्या पुढे! थांब, आत्या! हातांत हवा आली. मी हवाच ओढली, जोरजोरात, दोन्ही मुठींनी.

"काय गं, डास आहेत का?" काका म्हणाला.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी आहे एवढं तिला कळलं. काय, ते कळलं नाही. तिनं घोट घेतला, फिरवला, थुंकली. "चौथी," ती म्हणाली, "शेवटी किंचित कडसर होते. वास मात्र अगदी स्वच्छ. काडी ओढल्यावरचा पहिला क्षण. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही?" काकानं विचारलं.

"काहीही नाही. हिच्याइतका स्वच्छ वास मी कित्येक वर्षांत घेतला नाही."

काकूनं डोळे उघडले.

"ताई," काकू हळूच म्हणाली, "त्यात लवंग आहे हो. माझी. सगळ्या खोलीला येतेय."

आत्यानं ग्लास खाली ठेवला. एकदा काकूकडे पाहिलं, एकदा काकाकडे. मग गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"अकरा महिने झाले," ती म्हणाली. "मला कसलाच वास येत नाही. दुधाचा नाही, धुराचा नाही, तुझ्या मोज्यांचा नाही."

"मग यंदाची वाइन कोणी केली?" काकाचा आवाज चिरकला.

मी भूमितीची वही टेबलावर ठेवली. काकानं ती उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागला. "'पीप दोन. आज पावाला लोणी जास्त झालंय. आत्या म्हणते ढवळू नको.' 'पीप चार. काडी ओढली पण पेटली नाही.' 'पीप एक. गणिताच्या बाईंची पर्स.'" त्यानं मान वर केली. "ही, ही नववीतली मुलगी आपली वाइन बनवत होती?"

"दहावी," मी म्हटलं. "आणि बनवत आत्या होती. मी फक्त सांगत होते."

"आणि तुम्ही दोघींनी आम्हाला..."

"ग्लास उलटा कर," आजोबा म्हणाले.

"काय?"

"तिसरा ग्लास. बुडाशी काय लिहिलंय?"

काकानं ग्लास उचलला. चेहरा बघण्यासारखा झाला. "चार."

"म्हणजे नाक नसताना तिनं तिन्ही बरोबर ओळखली. चौथं राहिलंय. ओळख अर्धी टाकून मत घेता येत नाही. चल, मुली, सांग." शाळेतल्या मुलीशी बोलावं तसं आजोबा पन्नाशीतल्या आत्याशी एरवी कधी बोलत नाहीत, तेव्हा बोलले.

आत्यानं चौथा ग्लास घेतला. घोट, थुंक. "दुसरं पीप. जड आहे, रेशमासारखी सरकते. माझं झालं." आणि ग्लास माझ्यासमोर सरकवला. "वास ही सांगेल. मोठ्यानं सांग."

मोठ्यानं! अकरा महिने मी केसांनी बोलत होते. मी नाक ग्लासात घातलं, सगळं, आहे तेवढं.

"लोणी लावलेला गरम पाव," मी म्हटलं. "पण पाव दुसऱ्याच्या घरी भाजलाय आणि वास आपल्या खिडकीतून येतोय. आपल्याला बोलावलेलं नाही. म्हणून तो जास्त चांगला वाटतोय."

आईनं ग्लास घेतला. मग आजोबांनी. मग काकानं. काकानं दोनदा हुंगलं. तो काय विचार करत होता हे त्यानं कबूल करायला आठवडा घेतला. अकरा वर्षं तो दुकानात उभा आहे. गिऱ्हाईक विचारतं, कशी आहे? काका म्हणतो, कोरडी. गिऱ्हाईक म्हणतं, म्हणजे? काका म्हणतो, म्हणजे गोड नाही. मग गिऱ्हाईक घोट घेतं, तोंड वेंगाडतं आणि विचारतं, हिच्यात सोडा घालता येईल का? अकरा वर्षं तो ती तोंडं बघत होता आणि त्याच्याकडे एक शब्द नव्हता.

"ठीक आहे," तो घसा खाकरून म्हणाला. "पण मत म्हणजे मत. डावा वाडगा कोरडी, उजवा गोड." आणि त्यानं आपलं बूच उजवीकडे टाकलं.

आईनं डावीकडे टाकलं. "वेली मी छाटते. त्यांच्यावर साखर ओतलेली मला चालणार नाही."

काकू उठली. काका निर्धास्त होता, बायको आपलीच. तिनं बूच डावीकडे टाकलं.

"अगं!"

"काय अगं? दिवसभर मी लोकांचे दात भरते आणि माझ्या घरातून साखर बाटलीत भरून विकायची?"

"आंबटसुद्धा दातांना वाईट असतं!"

"आंबटाला मी चूळ भरायला सांगते. आणि लवंगेवरून कोणी एक शब्द काढला नाही तर मी सगळ्यांच्या दाढा वर्षभर फुकट बघेन."

दोन विरुद्ध एक. उरले आजोबा, ज्यांनी या वेली स्वतःच्या हातांनी लावल्या. ते उठले, टेबलाशी आले आणि त्यांनी बूच उजवीकडे टाकलं.

"अप्पा?" आत्यानं वाडग्यात वाकून पाहिलं.

"मला गोड आवडते," आजोबा म्हणाले. "पहिल्यापासून. कोरडी तुझ्या आईला आवडायची. तिला वाटायचं मलाही आवडते. मी म्हटलं, राहू दे."

"पंचावन्न वर्षं?"

"मध्ये कोणी विचारलंच नाही."

दोन आणि दोन. बाबांचं बूच बाबांच्या खिशात, बाबा बाटल्यांपाशी. काकाचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "म्हणजे... व्हिनेगरवाला?" त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "चारही पिपं? नाही, नाही! अप्पा, तुम्ही बूच उचला! वहिनी, तुम्ही उचला! मीच उचलतो!"

"टाकलेलं बूच उचलायचं नाही," आजोबा म्हणाले. "नियम आहे."

त्यांनी बरणीतून नवं बूच काढलं, टेबलावर आडवं ठेवलं आणि छाटणीच्या चाकूनं मधोमध कापलं. अर्धा तुकडा माझ्यासमोर ठेवला.

"जिभेचं मत नाही. नाकाचं आहे."

"ती पंधराची आहे!" काका म्हणाला.

"म्हणून अर्धं."

माझं बूच कुठे पडणार हे तळघरातल्या उंदरालासुद्धा माहीत होतं. तरी मी घाई केली नाही. अर्धं बूच केवढंसं, पण हातात घट्ट बसतं. मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलावरच्या किल्लीकडे बघत होती. मी अर्धं बूच डावीकडे टाकलं. टक् असा आवाज झाला, पूर्ण बुचाइतकाच.

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू थुंकायचं भांडं धुवायला घेऊन गेली. आईनं लवंगेचा ग्लास उचलला, हुंगला आणि हसू दाबत तिच्यामागून गेली. काकानं किल्ली उचलली. क्षणभर तळहातावर तोलली, मग आत्याच्या हातात ठेवली.

"गळ्यात घाल. खिशात ठेवलीस तर दादाच्या बुचासारखी जाईल कुठेतरी." मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "नाकाडे, ती वही मला चार दिवस दे. ते खिडकीतल्या पावाचं दुकानात लिहून लावतो."

"पुढच्या पानांवर भूमिती आहे. सोमवारी लागेल."

"मग फोटो काढून घेतो," तो म्हणाला, आणि लगेच काढायलाही लागला.

आत्यानं किल्ली गळ्यात घातली. पिपांपाशी गेली, चारही पिपांवर हात फिरवला, आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझी हनुवटी धरून तिनं मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं.

"सकाळी सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "छान दिसतायत गं केस."